मंगळवारच्या रात्री टेक्सासच्या हाँकी-टाँकमध्ये: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

टेक्सासमध्ये नोकरीसाठी राहणारी किंवा कंपनीच्या कामासाठी महिना-दोन महिने ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनला आलेली मराठी मंडळी कंट्री संगीताच्या बारमध्ये जातात ती बहुधा शनिवारी रात्री, आठ-दहा जणांच्या घोळक्याने. दारावर रांग, आत खेटाखेट, सराईत जोड्या नाचाच्या फ्लोअरवर भन्नाट वेगात फिरतायत आणि एका बिअरसाठी काउंटरवर ताटकळावं लागतंय. मंडळी फोटो काढतात, तासाभरात बाहेर पडतात आणि हे काही आपलं नाही असं ठरवून मोकळी होतात.

त्याच जागी मंगळवारी किंवा बुधवारी जा. फ्लोअर अर्धा रिकामा असतो. शिकवणाऱ्याला तुमच्या पायांकडे बघायला वेळ असतो. बारटेंडर दोन वाक्यं बोलतो. समोर नेहमीची, नाचायलाच आलेली माणसं असल्यामुळे बँडही नाचता येतील अशी जुन्या वळणाची गाणी घेतो. हाँकी-टाँकमध्ये, म्हणजे बँडवर नाचायच्या अशा कंट्री बारमध्ये, जाऊन टू-स्टेप हा तिथला जोडीचा नाच शिकला नाहीत तर तिथली खरी मजा घेतलीच नाही असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि टू-स्टेप शिकायला आठवड्यातली निवांत रात्रच लागते.

जागा कशी ओळखायची

कंट्री नावाखाली दोन वेगळे प्रकार चालतात. एक म्हणजे भिंतीवर निऑनची हॅट, कोपऱ्यात यांत्रिक बैल आणि डीजे. दुसरा खरा हाँकी-टाँक किंवा डान्स हॉल. मधोमध मोकळा ठेवलेला लाकडी फ्लोअर, कडेने टेबलं, एका टोकाला लहानसं स्टेज. वेबसाइटवर महिन्याचं वेळापत्रक उघडून दोन गोष्टी शोधा: त्या रात्री प्रत्यक्ष वाजवणारा बँड आहे का, आणि त्याआधी डान्सची शिकवणी आहे का. दोन्ही असतील तर जागा बरोबर आहे. ट्रिव्हिया (प्रश्नमंजुषा) किंवा कराओके असेल तर फ्लोअरवर खुर्च्या मांडलेल्या सापडतील.

ऑस्टिनमध्ये साउथ लमार रस्त्यावरचं ब्रोकन स्पोक हा याचा अस्सल नमुना. जेम्स व्हाइट यांनी १९६४ साली ते सुरू केलं. २०२१ मध्ये ते गेले, पण हॉल अजून तसाच आहे. बुटकं छत, लांबट फ्लोअर आणि भोवती उगवलेल्या नव्या टोलेजंग इमारती. बॉब विल्स, अर्नेस्ट टब, विली नेल्सन असे नामवंत कंट्री कलाकार इथे वाजवून गेलेत. सॅन अँटोनियोच्या बाजूला राहत असाल तर न्यू ब्राउनफेल्समधला ग्रीन हॉल (स्पेलिंग Gruene) १८७८ चा आहे. या भागातले जुने डान्स हॉल मुख्यतः जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांनी बांधले, म्हणूनच आजही कंट्री बँड मध्येच एखादा पोल्का किंवा वॉल्ट्झ (युरोपातले जोडीचे नाच) घेतो आणि कोणाला त्याचं नवल वाटत नाही. फोर्ट वर्थचं १९८१ साली उघडलेलं बिली बॉब्ज टेक्सास अवाढव्य आहे. तिथे खऱ्या बैलांवरची स्वारी बघायची असेल तर मात्र मंगळवार उपयोगाचा नाही, ती शुक्रवारी आणि शनिवारी रात्री असते.

वार निवडताना सोमवार टाळा, बऱ्याच जागा त्या दिवशी बंद असतात. कॉलेजच्या गावांत गुरुवारही टाळा, कारण ती विद्यार्थ्यांची रात्र. निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्या, आठवड्यातल्या रात्री हॉल कधीकधी खाजगी कार्यक्रमाला दिलेला असतो.

बूट, हॅट आणि ओळखपत्र

काउबॉयचा पोशाख करून जाण्याची काही गरज नाही. साधी जीन्स आणि कॉलरचा शर्ट पुरतो. लक्ष द्यायचं ते तळव्याकडे. टू-स्टेपमध्ये पाय उचलून टाकत नाहीत, जमिनीलगत सरकवतात. रबरी तळव्याचे स्नीकर लाकडाला चिकटतात. अंग वळतं, पाऊल तिथेच राहतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. चामडी तळव्याचे ऑफिसचे बूट असतील तर तेच घाला. कोल्हापुरीचा तळ चामड्याचा आणि छान सरकणारा असला तरी ती नको: बोटं उघडी राहतात, आणि समोरच्याच्या बुटाला टाच असते.

काउबॉय बूट घ्यायचेच असतील तर दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. पायाच्या वरच्या कमानीवर बूट घट्ट बसला पाहिजे, कारण त्याला लेस नसते आणि त्याची पकड तिथेच असते. चवड्याचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागाशी जुळावा. टाच नव्या बुटात पाव ते अर्धा इंच वर सरकते. ती सरकते म्हणून एक माप लहान घेणं ही नेहमीची चूक. तळवा कडक असतो म्हणून टाच उचलली जाते, तो वाकायला लागला की ते कमी होतं. नवे बूट पहिले काही दिवस घरात आणि फुटपाथवर वापरा. कोरा गुळगुळीत तळवा फ्लोअरवर फार घसरतो, काँक्रीटवर चालून तो थोडा खरबरीत झालेला बरा.

हॅट घातलीत तर उन्हाळ्यात गवताची आणि थंडीत फेल्टची, असा रिवाज आहे. ईस्टर ते सप्टेंबरचा लेबर डे हा गवती हॅटचा काळ धरतात. टेबलावर ठेवताना ती उलटी, म्हणजे डोक्याचा भाग खाली करून ठेवायची, नाहीतर कडेचा आकार जातो. दुसऱ्याच्या हॅटला हात लावायचा नाही, गमतीतसुद्धा नाही.

दारू प्यायचं कायदेशीर वय २१ आहे आणि केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागतात. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर प्रश्न नाही. पाहुणे म्हणून आला असाल तर मूळ पासपोर्ट खिशात हवा. आधार कार्ड, भारतीय लायसन्स, फोनमधला फोटो यांवर भरवसा ठेवू नका. आणखी एक: आपल्या पासपोर्टवर तारीख आधी दिवस, मग महिना अशी असते आणि दारावरचा माणूस ती आधी महिना म्हणून वाचतो. तो गोंधळलेला दिसला तर शांतपणे महिना बोटाने दाखवा. आई-वडील सोबत असतील तर त्यांचेही पासपोर्ट घ्या.

दाराशी लाल रंगात ठळक '५१%' लिहिलेली पाटी दिसेल. नवख्यांना ती कसल्याशा सवलतीची वाटते. तिचा अर्थ असा, की या जागेचं निम्म्याहून अधिक उत्पन्न जागेवर प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येतं, आणि म्हणून इथे पिस्तूल घेऊन यायला कायद्याने बंदी आहे. सिगारेटच्या धुराचा त्रास होत असेल तर आधी चौकशी करा. ऑस्टिनच्या बारमध्ये आत ओढायला २००५ पासून बंदी आहे, पण राज्यभर लागू असा कायदा नाही, त्यामुळे शहराबाहेरच्या एखाद्या जागी धुराने डोळे चुरचुरतील.

आत शिरायचे पैसे आठवड्यातल्या रात्री कमी असतात किंवा नसतातच. तरी एक डॉलरच्या दहा-पंधरा आणि पाचच्या दोन-चार नोटा जवळ ठेवा, त्या पुढे लागतीलच.

बारवर

शिकवणी बहुतेक ठिकाणी बँड सुरू व्हायच्या आधी असते, म्हणून तिच्या अर्धा तास आधी पोचा आणि पहिलं काम म्हणून बारवर जा. लाँगनेक, म्हणजे लांब मानेची बिअरची बाटली, मागणं सोपं. लोन स्टार हलकी आहे. शायनर बॉक थोडी गडद आणि माल्टची चव असलेली. तिची ब्रुअरी शायनर नावाच्या छोट्या गावात १९०९ पासून आहे. व्हिस्की घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा की इथला शॉट दीड औंसाचा, म्हणजे सुमारे ४४ मिलीलीटर असतो. आपल्या ३० च्या स्मॉल पेगच्या हिशोबाने 'तीनच घेतले' म्हणाल तर पोटात साडेचार गेलेले असतात. निवांत रात्री हाताने अंदाजे ओततात तेव्हा माप वरच जातं.

कार्ड दिल्यावर बारटेंडर 'ओपन की क्लोज्ड' असं विचारतो. ओपन म्हणजे खातं चालू ठेवायचं, क्लोज्ड म्हणजे लगेच बिल. नाचायला जाणार असाल तर लगेच बिल भागवणं उत्तम. खातं उघडं ठेवून घरी गेलात तर बऱ्याच ठिकाणी टिप आपोआप लावून बिल वळतं करतात. टिप ही इथे मर्जीची गोष्ट नाही. टिप मिळणाऱ्या कामगाराला टेक्सासमध्ये मालकाने द्यायची रोख मजुरी तासाला २.१३ डॉलर इतकीच असू शकते, घर चालतं ते टिपवर. बाटलीमागे एक डॉलर, मिश्र पेयामागे दोन, आणि एकत्र बिलावर वीस टक्के. नुसतं पाणी किंवा सोडा मागितलात तरी एक डॉलर ठेवा. न पिणाऱ्याला इथे कोणी वेगळ्या नजरेने बघत नाही. चांगले नाचणारे कित्येकजण रात्रभर पाण्यावरच असतात.

शाकाहारी असाल तर जेवून जाणं शहाणपणाचं. चिकन फ्राइड स्टेक या नावात चिकन असलं तरी ते बीफ असतं, चिकनसारखं पिठात घोळवून तळलेलं. वरची पांढरी ग्रेव्ही बहुधा तळणीत उरलेल्या चरबीत केलेली असते. बीन्स आणि फरसबीत बेकन असण्याची शक्यता मोठी. टेक्सासच्या चिली नावाच्या तिखट रश्श्यात मांस असतंच. फ्राइज, लोणच्याच्या काकडीचे तळलेले काप आणि केसो म्हणजे वितळलेल्या चीजचा डिप, एवढंच उरतं, आणि तळणीचं तेल मांस तळलेलंच असू शकतं. 'बेकन आहे का' आणि 'तेल वेगळं आहे का' हे दोन प्रश्न थेट विचारा.

फ्लोअर

आता मुख्य गोष्ट. कंट्रीचा फ्लोअर रस्त्यासारखा चालतो. सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, जशी आपली प्रदक्षिणा फिरते त्याच्या बरोबर उलट. बाहेरची कड वेगवान लोकांची, आतली संथ लोकांची, आणि मधला भाग लाइन डान्सवाल्यांचा (रांगेत, जोडीदाराशिवाय नाचणाऱ्यांचा) किंवा जागच्या जागी स्विंग हा जोडीचा नाच करणाऱ्यांचा. शिकाऊ जोडीने आतल्या लेनमध्ये राहायचं. मध्येच थांबायचं नाही. पाय चुकले तर तालात नुसतं चालत राहा आणि पुन्हा पकडा. बाहेर पडायचं असेल तर हळूहळू कडेकडे सरका. बाथरूमला जायला किंवा मित्राला भेटायला फ्लोअर आडवा ओलांडायचा नाही. ग्लास घेऊन तर पाय ठेवायचाच नाही, सांडलेली बिअर लाकडावर आधी निसरडी आणि मग चिकट होते. आपल्या लोकांचा एक आवडता प्रकार म्हणजे गोल करून मध्ये एकेकाला नाचवणं. फिरत्या वाटेवर असा गोल केला की सगळी वाहतूक तुंबते.

टू-स्टेपचा मूळ फेरा चार पावलांचा आणि सहा ठोक्यांचा आहे. जलद, जलद, संथ, संथ. जलद पावलाला एक ठोका, संथ पावलाला दोन. पुढे नेणारा डाव्या पायाने पुढे निघतो, साथीदार उजव्या पायाने मागे. डावा, उजवा, डाऽवा, उजऽवा. तोंडाने म्हणायचं असेल तर 'पट, पट, साऽऽवकाश, साऽऽवकाश' म्हणा, पण मनात. काही शिक्षक संथपासून सुरुवात करतात. फेरा तोच, फक्त दुसऱ्या जागेवरून पकडलेला.

मराठी माणूस इथे का अडखळतो याचं एक ठोस कारण आहे. गाणं चार-चार ठोक्यांचं असतं आणि कान आपोआप दर चौथ्या-आठव्या ठोक्याला समेची वाट पाहतो. पावलांचा फेरा मात्र सहाचा. केरव्यात बांधलेल्या गाण्यावर पायांनी दादरा चालवावा तसं होतं. पहिला फेरा समेवर सुरू झाला तर दुसरा समेवर सुरू होत नाही. दोन फेरे, म्हणजे बारा ठोके झाले की दोन्ही पुन्हा जुळतात. हे ठाऊक नसलं की दुसऱ्या फेऱ्याला 'चुकलो' असं वाटून माणूस पाय बदलतो आणि तिथे खरंच चुकतो. समेचा हट्ट सोडा, फक्त ठोका धरा आणि फेरा चालू ठेवा.

दुसरी अडचण संथ पावलाची. त्यावर दोन ठोके आहेत म्हणून नवखे लोक दुसऱ्या ठोक्याला पाय आपटतात किंवा उगाच टेकवतात. तसं केलं की वजन मागच्याच पायावर राहतं आणि पुढचं जलद पाऊल चुकीच्या पायाने पडतं. संथ पाऊल टाकलं की पूर्ण वजन त्यावर न्या आणि उरलेल्या ठोक्यात दुसरा पाय सावकाश ओढून आणा. जलद पावलं आखूड ठेवा, पाऊलभर लांबीची. ती मोठी टाकली की साथीदाराच्या पायावर पडतात.

हातांची चौकट पायांइतकीच महत्त्वाची. नेणाऱ्याचा उजवा हात साथीदाराच्या खांद्याच्या पात्यावर, त्याखाली नाही. डावा हात दोघांमधल्या बुटक्याच्या खांद्याच्या उंचीवर, कोपरात थोडा ताण ठेवून. हात लुळे असले तर तुम्ही निघालात हे समोरच्याला कळतच नाही आणि गुडघ्याला गुडघा लागतो. पायांकडे बघू नका, मान खाली गेली की खांदे पुढे येतात आणि चौकट मोडते. पहिल्या रात्री गिरक्या नकोत. एकामागून एक तीन गाणी न थांबता पूर्ण फ्लोअर फिरलात तर पुढच्या वेळी हात वर करून एक साधी गिरकी घ्या.

लाइन डान्सला जोडीदार लागत नाही. बरेचसे लाइन डान्स ३२ ठोक्यांचे असतात आणि शेवटी पाव वळण येतं, त्यामुळे चार फेऱ्यांत चारही भिंतींकडे तोंड होतं. सगळ्यात जास्त येणारी चाल ग्रेपव्हाइन: उजवा पाय बाजूला, डावा त्याच्या मागून, उजवा पुन्हा बाजूला, डावा शेजारी नुसता टेकवायचा. लाजून मागच्या रांगेत उभं राहण्यात धोका आहे. दोन वळणं झाली की मागची रांग पुढची होते आणि नक्कल करायला समोर कोणीच उरत नाही. रांगांच्या मधोमध उभे राहा, कुठेही वळलात तरी पुढे जाणकार असतो.

नाचायला विचारणं इथे साधी गोष्ट आहे. हात पुढे करायचा, 'वुड यू लाइक टू डान्स?' म्हणायचं. बायकाही पुरुषांना विचारतात. बोलावणं एका गाण्याचं असतं. नकार आला तर हसून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. गाणं संपलं की आभार मानून साथीदाराला त्यांच्या टेबलापर्यंत सोडायचं. नवखे आहात हे आधीच सांगा. आठवड्यातल्या रात्री साठी-सत्तरीची जोडपी हमखास असतात आणि शिकण्यासाठी त्यांच्याइतकं चांगलं कोणी नाही. पन्नास वर्षं नाचलेली आजी पाठीवरच्या हाताच्या दाबाने तुम्हाला ताल दाखवते. तुम्ही जोडीने गेला असाल तरी दोन-तीन गाणी दुसऱ्यांबरोबर नाचा. दोघेही नवे असताना एकमेकांच्या चुका पक्क्या होतात.

बँड

मधल्या विश्रांतीआधी एक गाणं स्टेजच्या बाजूला उभे राहून पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्याकडे बघा. गर्दीच्या रात्री हे जमत नाही. वाद्य टेबलासारखं आडवं असतं, एका फळीवर बहुधा दहा तारा. डाव्या हातात पोलादी दांडी, ती तारांवरून सरकते. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. पायांशी पेडलं, आणि टेबलाखाली दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लिव्हर, जे दाबले की ठराविक तारांचा सूर वाजता-वाजताच चढतो किंवा उतरतो. म्हणजे दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे एकाच वेळी कामाला. तो लांब ओढलेला सूर आपल्या कानाला परका वाटत नाही, कारण याचं मूळ हवाईयन गिटारमध्ये आहे, आणि आपल्याकडचे गिटारवादक व्हॅन शिपलींनी तीच गिटार हिंदी गाण्यांच्या धुनांसाठी घराघरांत पोचवली होती.

बँडच्या टिपचा डबा किंवा बादली स्टेजपाशी असते. दोघांनी मिळून पाच-दहा डॉलर टाकणं रास्त आहे. फर्माईश करताना गाण्याचं नाव नाही आठवलं तर 'एखादा संथ टू-स्टेप' किंवा 'एखादा वॉल्ट्झ' मागा. नाचणाऱ्याची अशी मागणी त्यांना आवडते. मागणी दोन गाण्यांच्या मध्ये करायची, गाताना नाही.

घरी जाताना

आठवड्यातल्या रात्री टेक्सासमध्ये दारूविक्री मध्यरात्री थांबते. उशिराचा परवाना असलेल्या जागी रात्री दोनपर्यंत चालते. मंगळवारी बँड बहुधा त्याच्या बराच आधी आवरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची सकाळची मीटिंग बुडत नाही.

गाडी चालवून येणार असाल तर कोण पिणार नाही हे घरूनच ठरवा. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ आहे, आणि त्याखाली असलात तरी गाडी चालवण्यात नशेचा परिणाम दिसला तर पोलीस अटक करू शकतात. व्हिसावर असणाऱ्यांना यात जादा धोका आहे. पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी, खटल्याचा निकाल लागण्याआधीच, अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, आणि मग पुढच्या भारतभेटीनंतर परत येताना नव्याने अर्ज करायची वेळ येते. उघडी बाटली गाडीत नेणंही गुन्हा आहे, मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातात असली तरी.

म्हणून जाता-येता उबर किंवा लिफ्ट (Lyft) टॅक्सी. शहराबाहेरच्या हॉलला रात्री अकरानंतर गाडी मिळायला वेळ लागतो, शेवटच्या दोन गाण्यांआधीच ती मागवून ठेवा. ऐनवेळी बेत बदलून स्वतःची गाडी तिथे सोडावी लागली तर बारटेंडरला विचारून घ्या की रात्रभर ठेवलेली चालते का. शेजारच्या दुकानाच्या जागेत लावली असेल तर सकाळपर्यंत ती टो होऊन गेलेली असू शकते.